आत्याने शिवलेली दुसरी पँट

"ठिगळ लाव असं मी सांगितलं होतं का? नाही, तू सांग ना! माझ्या तोंडून ठिगळ हा शब्द तरी निघाला होता?"

"आवाज खाली. बाहेर गिऱ्हाईक उभं आहे."

"मी एवढंच म्हटलं, माझ्या पिवळ्या पँटसारखी एक शिवून दे, कमरेत चांगली सैल. कापड मिळतंजुळतं असलं तरी चालेल म्हटलं. तू त्यावर तेच ठिगळ कशाला बसवलंस?"

"मग काय अर्धवट काम देऊ तुला?"

"बघ! म्हणजे मामी फसली ती तुझ्यामुळे. माझ्यामुळे नाही."

बाहेरचं गिऱ्हाईक म्हणजे मी. दुकानाच्या पायरीवर उभी होते. आत्याला घरी न्यायला आले होते, कारण आदल्या दिवशीच हॉस्पिटलमधून सुटलेली माझी आई कपाळावर टाके घेऊन ओट्याशी उभी होती आणि पुन्हा तीच हिरवी पावडर ग्लासात ढवळत होती. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलेली. मी ग्लास हिसकावला तर म्हणाली, "तुझ्या डॉक्टरला काय कळतंय? ठमीला फरक पडलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय."

ठमी म्हणजे आत्याची मुलगी. घरात ठमी, फोनवर फिटताई. आहार, वजन, पोट, त्वचा, झोप, सगळ्यावर छातीठोक बोलते. शिक्षण म्हणाल तर एक ऑनलाइन कोर्स, तोही पळवत पळवत पाहिलेला. पावडरची कंपनी तिला खोकी पाठवते आणि खोक्याबरोबर वाक्यंही पाठवते. 'हिने माझं आयुष्य बदललं' हे वाक्य तिकडून येतं. ठमी ते पाठ करते आणि कुठल्या शब्दावर गळा दाटून आणायचा ते आरशासमोर ठरवते. नाटकातही हेच करतात. पण तिथे दिवे मालवतात, माणसं मुद्दाम नाटक बघायला आलेली असतात, आणि स्टेजवर कुणी मेलं तर प्रेक्षकांतून डॉक्टरला फोन जात नाही. ठमीचं नाटक लोक घरात उभ्या उभ्या बघतात आणि हे नाटक आहे असं त्यांना कुणी सांगत नाही.

"लिहिलंय मी खाली, जाहिरात म्हणून," ठमी आत म्हणत होती.

"कुठे?"

"खाली. 'आणखी वाचा'वर दाबलं की शेवटी येतं."

"मला दाखव."

"आई, तुला चष्म्याशिवाय सुईचं भोक दिसत नाही. तुला काय दाखवू?"

"सुईचं भोक मला दिसतं. हे नाही दिसत."

ती आमची आत्या. टेलर. माझी आई तिला हाकसुद्धा तशीच मारते, 'ए टेलर'. नवीन कपडे शिवून घेणारी गिऱ्हाइकं कधीच गेली. आता लोक तयार कपडे घेतात आणि आत्याकडे आणून टाकतात: कमरेत घे, बाही वर कर, चेन बदल, पोट सुटलंय जरा सोडता येतं का बघ. एका अरुंद इमारतीच्या जिन्याखालचं दुकान. दोन माणसं आत उभी राहिली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. कोपऱ्यात पडदा लावून केलेली कपडे बदलायची जागा, भिंतीवर रिळं, आणि इतक्या वर्षांच्या खडूने पांढरं पडलेलं टेबल.

अंग मोजताना आत्या आकडा कधी तोंडातून काढत नाही. "श्वास सोडा," एवढंच म्हणते, कारण टेप लावली की प्रत्येक जण पोट आत ओढतो. मोजते, मनात ठेवते, कापडावर खडूने खूण करते. शेजारणीचं माप शेजारणीला कळत नाही, बायकोचं नवऱ्याला कळत नाही. तिच्या दुकानात अंगाबद्दल कुणी चेष्टा केली तर ती कातर खाली ठेवते आणि तो माणूस गप्प होईपर्यंत हातात घेत नाही. त्यामुळे तिथे बायका निवांत कपडे बदलतात.

तिचा नवरा वारला तेव्हा ठमी रांगत होती. आईने आमच्या पुढच्या खोलीतलं जेवणाचं टेबल बाहेर काढून विकलं आणि तिथे आत्याचं मशीन बसवलं. कित्येक वर्षं आम्ही सगळे जमिनीवर बसून मशीनच्या खडखडाटात जेवलो. आत्या त्याबद्दल कधी आभार वगैरे मानत बसली नाही. पण आईचा एकही कपडा तिने दुसऱ्या टेलरच्या हातात जाऊ दिला नाही.

आता त्या ठिगळाचं. ठमीची एक पिवळी पँट होती. ती इस्त्री करताना आईला फोन आला, आणि इस्त्रीने मागच्या खिशाखाली तपकिरी भोक पाडलं. आत्याने त्यावर पानाच्या आकाराचं हिरवं ठिगळ बसवलं, कडेने बारीक टाके घालून. इतकं देखणं झालं की लोक विचारायचे, कुठून घेतली पँट?

पुढे ठमीला व्हिडिओ करायचा होता. 'माझी जुनी पँट बघा!' म्हणायचं आणि कमरेचा पट्टा पुढे ओढून दाखवायचं, की आत अख्खा हात जातोय. पण ठमी ना बारीक झाली होती ना जाड. म्हणून दुसरी पँट हवी होती, मोठी. आत्याला तिने सांगितलं, एक गमतीचा सीन आहे. आत्याने रंग जुळवून कापड आणलं, नवं दिसू नये म्हणून दोन-तीनदा धुतलं, उन्हात टाकलं. आणि मग तिच्या हाताला राहवेना. जुन्या पँटवर पान आहे, हिच्यावर नाही, म्हणजे काम उरलं. तिने पान बसवलं. तेच हिरवं कापड, तोच दोरा, तेच टाके.

व्हिडिओत ठमी गर्रकन वळली आणि पान दिसलं. आई खुर्चीतून उठलीच. "अगं, ही तीच! ही मी जाळलेली! हिच्यात दोन ठम्या मावतील आता!" एरवी आई फोनवरच्या कशावर विश्वास ठेवत नाही. बँकेचा मेसेजही तिला खोटा वाटतो. पण स्वतःच्या इस्त्रीवर आणि आत्याच्या टाक्यांवर ती कशी शंका घेणार?

तिची साखरेची गोळी बरीच वर्षं चालू आहे. ती गोळी तिने चालू ठेवली आणि जेवण बंद केलं. सकाळी पावडर, संध्याकाळी पावडर. ती शाळेच्या ऑफिसात कामाला आहे. तिथल्या जिन्यावर चक्कर येऊन पडली, कठड्याची कड कपाळात घुसली. "गोळी साखर खाली आणते आणि तुम्ही पोटात काही टाकत नाही," डॉक्टर म्हणाले, "मग दुसरं काय होणार?"

"तिने तुला विचारलं होतं," आत्या आत म्हणत होती, "गोळीचं काय करू म्हणून. तू काय सांगितलंस?"

"शरीराचं ऐका म्हटलं."

"शरीराचं?"

"सगळ्यांना तेच सांगते मी. तसं सांगायचं असतं. औषधाबद्दल काही बोलायचं नाही असं आहे आमच्यात."

"तिच्या शरीराने जिन्यावर सांगितलं बघ. ऐकलंस?"

"हे बघ, टोमणे मारू नकोस. हजार बायका घेतात, त्यांना काही झालं नाही."

"तुला काय माहीत? त्या काही तुझ्या मामी नाहीत. त्या पडल्या तर तुला कोण कळवतंय?"

 ठमीने पिशवीतून ती मोठी पिवळी पँट काढून टेबलावर टाकली. "मला उशीर होतोय. ही अजून थोडी सैल करून दे. पुढच्या महिन्याचा व्हिडिओ आहे, आणखी फरक दिसायला हवा."

मी पायरीवरून आत गेले ते तेव्हा.

"ठमे, लाज वाटते का तुला?"

"आली! ही पण आली. तू मध्ये पडू नकोस हं."

"माझी आई आहे ती."

"माझी मामी आहे. मला काळजी नाही? मी तिला फुकट दिली पावडर. घरच्यांना विकत नाही मी."

"चल मग घरी. तिच्यासमोर सांग की पँट दुसरी आहे."

"वेड लागलंय का? मामीच्या पोटात काही राहतं का? शाळेच्या ऑफिसातून गावभर होईल." मग ती आत्याकडे वळली, आणि आवाज एकदम मऊ केला, फोनवरच्या फिटताईसारखा. "आणि आई, पँट कुणी शिवली हेपण होईल ना गावभर. कोण येईल मग इथे कपडे द्यायला? हे नवीन इंटरलॉकचं मशीन कुठून आलं ते आठवतंय ना? तेव्हा म्हणाली नाहीस, पावडरचा पैसा आहे, नको."

आत्याने पँटची घडी घातली. सावकाश, कड कडेला लावून. कातर, टेप, रीळ, सगळं जागेवर ठेवलं. कोपऱ्यातल्या इंटरलॉकच्या मशीनवर कपडा टाकला. मग मला म्हणाली, "चल. तुझी आई जेवली का?"

"नाही."

"आई, ती पँट ठेव इथे," ठमी म्हणाली. "आई! मी काय सांगतेय!"

आम्ही निघालो. 

आई ओट्याशीच होती. ग्लास भरलेला, वर हिरवा फेस.

"ये टेलर. हिने आणलं ना तुला माझी समजूत काढायला? काढ. मग मी पिते."

"वहिनी, बस."

"बसू कशाला? मला काय झालंय? पाय घसरला माझा."

"पाय नाही घसरला. तू उपाशी होतीस."

"उपाशी कुठे, हे पोटभर असतं. आणि तुझीच पोरगी आहे. जरा तरी कौतुक कर. लोक तिचं ऐकतात आणि आईच्या कपाळाला आठ्या! जळतेस की काय तिच्यावर?"

आत्याने पँट ओट्यावर पसरली, मागची बाजू वर करून. आईचा चेहरा फुलला. "हीच! बघ, हे माझं पान."

"ब्लेड आहे का घरात?" आत्याने मला विचारलं.

मी दिलं. आत्याने पानाच्या देठापाशी पहिला टाका तोडला.

"अगं, काय करतेस? चांगलं आहे की ते!"

आत्या उसवत राहिली. टाके बारीक होते, स्वतःचेच, आणि ती एकेक तोडत होती. आईने तिचा हात धरला, आत्याने सोडवून घेतला. शेवटी पान सुटून आलं. आत्याने ते बाजूला ठेवलं आणि पँट आईपुढे सरकवली.

"जळलेलं दाखव," ती म्हणाली.

आईने कापडावरून बोट फिरवलं. मग कापड उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. पानाखालचं कापड धड होतं. सगळीकडे सारखंच पिवळं, कुठे डाग नाही, भोक नाही.

"हे काय आहे?"

"ही दुसरी आहे, वहिनी. मोठी करून शिवलेली. मीच शिवली. ठमीची कंबर होती तेवढीच आहे."

"आणि पान?"

"तेही मीच. तिने सांगितलं नव्हतं."

आईने पँट खाली ठेवली. मला वाटलं आता रडेल, किंवा ओरडेल. तिने ग्लास उचलला आणि मोरीत ओतला. हिरवा ओघळ जाळीवर थांबला, तो तिने नळ सोडून घालवला. हात पुसले. "ताट वाढ मला," ती मला म्हणाली. ती जमिनीवर बसली, आणि मी ताट वाढलं. पहिला घास तिने चावला, गिळला. आत्या दाराच्या चौकटीला टेकून बघत होती, आणि तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं.

"टेलर," आई ताटाकडेच बघत म्हणाली.

"हं?"

"पावडर सुरू करायच्या आधी मी तुझ्या दुकानात आले होते. ठमीकडे जायच्याही आधी, तो व्हिडिओ यायच्याही आधी. आठवतंय?"

आत्याने मान डोलावली.

"तू मशीनवर होतीस. मी विचारलं, सगळे म्हणतात हे फोनवरचं पैसे घेऊन बोलतात, पण ठमी आपली आहे, मी घेऊन बघू का? तू मान वर केली नाहीस. म्हणालीस, बघ, तुला पटत असेल तर. मी मनाशी म्हटलं, ही नको म्हणत नाही, म्हणजे चांगलं असेल. मी ठमीवर विश्वास टाकला नव्हता गं. ती लहानपणापासून थापा मारते, मला माहीत आहे." आईने दुसरा घास हातात धरला होता, तो तसाच राहिला. "तेव्हा ही पँट शिवून झाली होती?"

आत्या चौकटीपासून सरळ झाली.

"मी काय विचारतेय तुला? झाली होती का शिवून?"

आत्याने चपला पायात सरकवल्या. एक नीट बसली नाही, तशीच टाच बाहेर ठेवून ती बाहेर पडली आणि जिना उतरून गेली.