चौथीच्या मुलींची एकेक ओळ

आमची शाळा फक्त मुलींची, पहिली ते चौथी. सातपूरला, कारखान्यांच्या मागच्या बाजूला. वर्ष संपत आलं की एप्रिलमध्ये एका सकाळी पटांगणात मांडव घालतात, पालकांना बोलावतात आणि वर्षभरात काय काय झालं ते वाचून दाखवतात. हे वाचन गेली कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. मी बरं लिहिते म्हणून ते काम मला दिलं असावं, असा माझा पूर्वी समज होता. खरं कारण एवढंच, की माझा आवाज मोठा आहे आणि माइक बंद पडला तरी चालतं.

त्या वर्षीच्या अहवालात नेहमीसारख्याच गोष्टी होत्या. लंगडीचा संघ तालुक्यात दुसरा आला. तिसरीतल्या एकीला चित्रकलेत बक्षीस मिळालं. तिनं गाय काढली होती, परीक्षकांना ती घोडा वाटली असावी, पण बक्षीस ते बक्षीस. स्वच्छतागृहांना नवीन दारं बसली. दोन संगणक आहेत, त्यातला एक चालतो. हे 'त्यातला एक चालतो' मी दर वेळी लिहिते आणि मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, ते खोडतात. यात आमच्या दोघींचं भांडण नाही. मी लिहायचं आणि त्यांनी खोडायचं, असं ठरूनच गेलं आहे.

बातम्या संपल्या की चौथीच्या मुलींच्या ओळी येतात. चौथीनंतर मुली आमच्याकडून जातात, म्हणून प्रत्येकीबद्दल वर्गाच्या बाईंनी एक ओळ लिहायची आणि ती सगळ्यांसमोर वाचायची, अशी पद्धत माझ्याही आधीपासून आहे. गुण सांगायचे नाहीत, नंबर सांगायचा नाही. मुलगी कशी आहे ते सांगायचं. चांगलं अक्षर असलेल्या एक बाई ती ओळ रंगीत किनारीच्या कार्डावर लिहितात आणि मुलीला देतात. हल्ली आया त्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवतात.

चौथीचा वर्ग वर्षानुवर्षं माझ्याकडेच आहे. चाळीसभर मुली, म्हणजे चाळीसभर ओळी. निम्म्या मुलींच्या ओळी आपोआप सुचतात, कारण त्या मुलींनी वर्षभर डोकं खाल्लेलं असतं. उरलेल्यांपैकी काहींचं अक्षर चांगलं असतं, काहींचा आवाज. शेवटी सात-आठ उरतात, ज्यांच्याबद्दल काहीच सुचत नाही, कारण त्यांनी वर्षभर मला काही त्रास दिलेला नसतो. त्यांच्यासाठी माझ्याकडे तयार ओळी आहेत. 'शांत व समंजस मुलगी.' 'अबोल पण विचारी.' 'मोठ्यांचं ऐकणारी.' नाव ऐकून चेहरा डोळ्यासमोर यायला वेळ लागला, की यातली एक ओळ लिहायची. आजवर कुणी तक्रार केली नव्हती. उलट आया खूश होतात.

त्या वर्षी कार्यक्रमाच्या चार दिवस आधी मधल्या सुट्टीत एक मुलगी टेबलापाशी येऊन उभी राहिली. खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावरची. मूळ गाव पेठकडचं, डोंगरातलं. बाप इथं कंपनीत कंत्राटी कामाला, आई द्राक्षांच्या हंगामात पहाटेच्या टेम्पोनं पिंपळगावला पॅकहाउसमध्ये जायची. एवढं मला पटावरून आणि कधीतरी कानावर आलेल्या बोलण्यातून माहीत होतं. मुलीबद्दल विचाराल तर काहीच नाही.

"बाई, माझी ओळ झाली का?"

झाली होती. सगळ्याच झाल्या होत्या, यादी कार्डवाल्या बाईंकडे गेली होती. मी म्हटलं, "ते आधी सांगायचं नसतं."

"शांत लिहिलंय का?"

मी तिच्याकडे नीट बघितलं. बहुधा त्या वर्षात पहिल्यांदाच.

"शांत नका लिहू बाई. समंजस पण नका लिहू."

"का गं? वाईट आहे का ते?"

मग तिनं सांगितलं ते मी इथे माझ्या शब्दांत लिहिते, कारण ती उलटंसुलटं सांगत होती आणि मध्येच वरणभाताची घंटा झाली. तिची थोरली बहीण दोन वर्षांपूर्वी आमच्याकडेच चौथीत होती, माझ्याच वर्गात. तिच्या कार्डावर 'शांत व समंजस मुलगी' लिहिलेलं होतं. कार्ड घरात टीव्हीच्या वर चिकटवलं. त्यानंतर बहीण काही बोलायला गेली की आई कार्डाकडे बोट दाखवायची. बाईंनी लिहिलंय ना, मग? त्याच उन्हाळ्यात गावाकडे म्हाताऱ्या आजोबांचं करायला कुणीतरी हवं होतं. बाप म्हणाला, हिला पाठवू, ही समंजस आहे. बहीण गेली. शाळा तिथंही आहे, पण स्वयंपाक, पाणी आणि शेळ्या उरकून ती जमेल तेव्हा जाते. आता आजोबा पडले, अंथरुणाला खिळले, एकटीला होत नाही. घरात धाकटीचं नाव निघालं होतं. आई या वेळी कार्यक्रमाला येणार होती, एक दिवस खाडा करून, आणि म्हणाली होती, बघू बाई काय लिहितात.

"मला पाचवीला इथंच, पुलापल्याडच्या शाळेत जायचंय," ती म्हणाली आणि ताट घ्यायला पळाली.

थोरलीचा चेहरा आठवायचा मी प्रयत्न केला. आठवला नाही. दोन वेण्या होत्या असं वाटलं, पण दोन वेण्या आमच्याकडे सगळ्यांनाच असतात. मला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडते, तशी त्या दिवशी वर्गावर विनाकारण चिडले.

यादी परत मागवली. तिच्या नावापुढे 'शांत व समंजस मुलगी' हेच होतं. मी ते खोडलं. पण खोडून पुढे लिहायचं काय? मनात आलं, सरळ 'हुशार आहे, पुढे शिकवा' असं लिहावं. पण ती हुशार आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. चाचण्यांत ती मधेच कुठेतरी असायची. आणि या ओळी खोट्या लिहायच्या नाहीत, एवढा एक नियम मी पाळत आले होते. निदान तोवर मला तसं वाटत होतं.

आईला फोन केला. मागे यंत्राचा आवाज, बायकांचा आवाज. "हंगाम संपत आलाय बाई, शेवटचा माल हाय, येते ना मी कार्यक्रमाला," म्हणून तिनं फोन ठेवला. पुन्हा करायला मला धीर झाला नाही. दुसऱ्याच्या घरात तोंड घालायचा माझा स्वभाव नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. तसं म्हटलं तर दोन वर्षांपूर्वी घातलंच होतं, नकळत.

पुढचे दोन दिवस मी तिच्यावर नजर ठेवली. आणि तिनंही ते ओळखलं असावं, कारण तिनं शांत नसल्याचा पुरावा द्यायला सुरुवात केली. प्रार्थना किंचाळून म्हणाली. जिन्यावरून धावली आणि गुडघा फोडून घेतला. शेजारणीची वेणी ओढली, मग तिचीच समजूत घालत बसली. तिला ते काही जमत नव्हतं. ती दंगेखोर नव्हती आणि मी तिला दंगेखोर लिहिलं असतं, तर तेही खोटंच झालं असतं.

तिसऱ्या दिवशी गणिताची उजळणी होती. फळ्यावर उदाहरण घातलं: एका पेटीत द्राक्षांचे बारा घड, तर पंचवीस पेट्यांत किती? तिचा हात वर. वर्षभरात तिचा हात वर बघितल्याचं आठवत नव्हतं.

"बाई, हे गणित चुकीचं हाय."

"गुणाकार कर, उत्तर येतंय."

"उत्तर येतंय, पण घड मोजत नाय कुणी. घड लहान-मोठे राहतात. कात्रीनं साफ करून डब्यात भरतात न् पेटीचं वजन करतात. माझी आई करते."

वर्ग हसला. मी म्हटलं, "पुस्तकात तसं दिलंय. खाली बस."

ती उभीच.

"खाली बस म्हटलं ना."

"बसते बाई. पण आधी सांगा, बरोबर का चूक?"

हा दंगा नव्हता. आवाजही चढलेला नव्हता, जरा कापत होता उलट. मला त्या क्षणी, खरं सांगते, राग आला. चाळीस मुलींचं गणित अडलेलं आणि ही खांबासारखी उभी. मग रागातच लक्षात आलं, की हीच खरी ती आहे. हे ती गावाला पाठवतील या भीतीनं करत नाहीये, माझ्या ओळीसाठीही नाही. तिला खरंच ते गणित पटत नाहीये. मी फळ्यावरचे घड पुसले आणि किलो लिहिले. "आता?" "आता बरोबर," म्हणाली आणि बसली.

संध्याकाळी ओळ लिहिली: 'पटल्याशिवाय ही मुलगी खाली बसत नाही.'

मोठ्या बाईंनी ती वाचून चष्मा काढला. "हे कौतुक आहे की तक्रार?"

"ओळ आहे."

"पालक बसलेले असतात समोर. ट्रस्टी असतात. शांत म्हणा, शिस्तप्रिय म्हणा. मुलीचं चांगलं होईल असं काहीतरी लिहा."

मी त्यांना थोरलीची हकिगत सांगितली. मग त्यांनी लाल पेन उचललं, संगणकाच्या बातमीतलं 'त्यातला एक चालतो' खोडलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. त्या ओळीला त्यांनी हात लावला नाही.

कार्यक्रमाला आई आली होती. शेवटच्या रांगेत, पाण्याच्या टाकीजवळच्या खुर्चीवर, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. मी लंगडी वाचली, घोडा झालेली गाय वाचली, दारं वाचली. मग ओळी. तिच्या नावाशी आले तेव्हा माझा मोठा आवाज जरा बारीक झाला, पण माइक चालू होता. 'पटल्याशिवाय ही मुलगी खाली बसत नाही.' मांडवात हशा पिकला. चांगला हशा होता, एका आजोबांनी तर टाळ्या वाजवल्या. मुलीनं कार्ड घेतलं आणि मला नमस्कार करायचा विसरली. आई हसली नाही. तिनं मुलीकडेही बघितलं नाही, माझ्याकडे बघत राहिली. कार्यक्रम संपल्यावर मी तिला शोधलं, तर ती निघून गेली होती.

ओळ वाचून काय होतं, असं मला मग वाटायला लागलं. आजोबा अंथरुणावर होतेच. त्यांना पाणी द्यायला कुणीतरी हवंच होतं. मी कार्डावर काही लिहिल्यानं ते उठून बसणार नव्हते. आणि एखाद्या आईला भर मांडवात तुमची मुलगी ऐकत नाही असं ऐकवून मी काय मिळवलं, हेही मनात आलं. कदाचित आता तर नक्कीच पाठवतील, वळण लागायला म्हणून.

निकालाच्या दिवशी आई दाखला न्यायला आली. आमच्याकडे दाखल्यासाठी अर्ज भरावा लागतो आणि त्यात पुढची शाळा कोणती, असा एक रकाना आहे. अर्ज बहुतेक वेळा आम्हीच भरतो, पालक सही करतात. मुलगी बाहेर व्हरांड्यात होती, तिला आत यायला आईनं मनाई केली होती. मी नाव लिहिलं, जन्मतारीख लिहिली आणि त्या रकान्याशी थांबले.

आईच म्हणाली, "हितलीच लिहा. पुलापल्याडची."

मी लिहिलं.

"हिचे वडील लय बोलले," ती म्हणाली. "पण ही उभीच राहिली त्यांच्यासमोर. जेवायला बी बसली नाय. म्हणे आधी सांगा, मीच का? दोन दिवस. मग तेच म्हणले, ऱ्हाऊ दे हिला. आता हंगाम संपला, मीच जाते गावाला, म्हाताऱ्याजवळ."

मला आनंद झाला आणि तो लपवावासा वाटला नाही. मी म्हटलं, "चांगलं केलंत. मुलगी धीट आहे तुमची."

आईनं पेन घेतलं. सही करायला तिला वेळ लागत होता, एकेक अक्षर मांडत होती. सही झाल्यावर तिनं पेनाला टोपण लावलं, ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि आवाज न चढवता म्हणाली,

"थोरली बी आशीच व्हती, बाई. तुमच्याकडं यायच्या आधी."