नकाशेमामांचा माळा

ऑफिसात कुणाची फाईल उडाली की बाकीचे सगळे त्याच्या खुर्चीमागे गर्दी करून सल्ले द्यायचे. नकाशेमामा तेवढे उठायचे नाहीत. जागेवरूनच म्हणायचे, "माऊस सोड. हात मांडीवर ठिव." तो बिचारा पूजेला बसवल्यासारखा मुकाट बसायचा, आणि मग मामा चष्मा पुसत सावकाश यायचे. त्यांचं म्हणणं असं की लाईट गेल्यानं फाईल मरत नाही; घाबरलेला माणूस नंतर जी बटणं दाबत सुटतो, त्यानं मरते.

मामांचं आडनाव नकाशे नव्हतं. लातूरच्या आमच्या इंजिनिअर साहेबांकडचे ते सगळ्यांत जुने ड्राफ्ट्समन. उमेदीची वर्षं नांदेडला ट्रेसिंग कागदावर शाईनं नकाशे काढण्यात गेली, आणि केस पांढरे व्हायला लागल्यावर ते कॉम्प्युटर शिकले. टायपिंग एका बोटानं चालायचं. तरी आम्हा आयटीआयवाल्यांच्या आधी त्यांचं काम हातावेगळं झालेलं असे.

ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला की नारळ फुटताच मामा त्यावर बसायचे. आपण काम करत असताना नकाशाचं सॉफ्टवेअर मधूनमधून स्वतःसाठी एक प्रत ठेवतं. तिच्या नावाला निराळं शेपूट असतं. ते बदललं की ती नकाशा म्हणून उघडते. पण ती जाऊन पडते कुठल्या तरी लपवलेल्या फोल्डरात, आणि साफसफाईत बरेचदा उडून जाते. मामांनी प्रत्येक मशीनवर ही प्रत दर पाच मिनिटांनी निघेल आणि एका वेगळ्या फोल्डरात पडेल असं करून ठेवलं होतं. त्या फोल्डराला नाव दिलं होतं 'माळा'. घरातली नको झालेली वस्तू माळ्यावर टाकावी आणि गरजेला तीच खाली काढावी, तसं. आम्ही या माळ्याची भरपूर टिंगल केली. मी तर जरा जास्तच.

माझी तेव्हा तीन महिन्यांची बोली होती आणि शेवटचा आठवडा चालला होता. वडिलांनी निलंग्याहून स्पष्ट सांगितलं होतं, कायम झालीस तर ठीक, नाहीतर घरी ये, स्थळ बघून ठेवलंय. मला त्या स्थळाचं वावडं नव्हतं, पण माझी ती खुर्ची मला सोडायची नव्हती. त्यात मुरुडच्या एका गुरुजींच्या घराचा नकाशा दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा होता, आणि नेमकी अमावास्या आली. अमावास्येला नवं काम उघडायचं नाही हा साहेबांचा नियम. मी त्यातून पळवाट काढली. नवीन फाईल उघडली, पण तिला नाव दिलं नाही, जतन केली नाही. नावच नाही म्हणजे काम सुरूच झालं नाही, असा माझा हिशोब. दिवसभर बिननावाच्या कागदावर अख्खं घर उभं केलं. चार वाजता लाईट गेली. यूपीएस एकदा किंचाळला आणि त्यानंही मान टाकली.

दहा मिनिटांनी लाईट आली. मी माऊसकडे झेप घेतली तोच मागून मामांचा आवाज आला. मी हात मांडीवर ठेवले. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि केबिनकडे बोट केलं. म्हणाले, "आधी सायबाला सांगून ये. मग बघू."

मला वाटलं, संपलं. आत जाऊन मी अमावास्येपासून सगळं सांगितलं. साहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, गुरुजींकडून मी दोन दिवस मागून घेतो, तू पुन्हा काढ. आणि यापुढे अमावास्येलासुद्धा फाईलला नाव देत जा.

परत आले तर स्क्रीनवर माझा नकाशा. स्वयंपाकघराची एक खिडकी तेवढी कमी होती. फाईल माळ्यावर असणार हे मामांना आधीच ठाऊक होतं. मी चिडून विचारलं, मग मला आत कशाला पाठवलंत?

"सापडल्यावर कोन खरं सांगतंय, माय?"

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. आठवड्यानं साहेबांनी मला कायम केलं. रेषा कुणालाही शिकवता येतात, पण 'माझ्या हातून गेली' म्हणत आत येणारं माणूस मिळत नाही, असं ते म्हणाले. आज नांदेडला माझं स्वतःचं ऑफिस आहे, ते त्या दुपारच्या जोरावर. हे मामांना सांगायचं बरीच वर्षं राहून गेलं, पण शेवटी सांगितलं याचं मला समाधान आहे.

मामा गेल्या वर्षी गेले. त्याआधीच्या हिवाळ्यात ते एसटीनं माझ्याकडे आले आणि म्हणाले, हिमायतनगरला नेशील का? वाटेत त्यांनी सांगितलं. नांदेडला नवे असताना त्यांच्या हातून एका शाळेच्या ट्रेसिंगवर पाण्याचा तांब्या लवंडला होता. त्यांनी कुणाला न सांगता तो नकाशा आठवणीनं पुन्हा काढला. एक माप चुकलं, आणि त्या चुकीच्या मापाचा जिना बांधून झाला. नकाशावर सही थोरल्या ड्राफ्ट्समनची होती. नोकरी त्या थोरल्यांची गेली. गावी हिमायतनगरला जाऊन त्यांनी शिकवण्या घेत संसार ओढला. मामा गप्प राहिले.

ते गृहस्थ नव्वदीच्या घरात होते, ओट्यावर बसलेले. मामा त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं बोलले. म्हाताऱ्यांनी डोळे मिटूनच ऐकलं.

"ट्रेसिंग नवी हाय हे हातात घेतल्याबरोबर कळलं होतं मला," ते म्हणाले. "तुझ्यावर भरोसा ठिवून न तपासता सही केली. चूक माझी बी हाय." मग मामांचा हात धरून म्हणाले, "लई वर्षं वाट बघून राहिलो तुझी."

चहा झाला, आम्ही निघालो. गाडीत भोकर येईपर्यंत मामा लहान मुलासारखे रडत होते, आणि मी गाडी हळू चालवत राहिले.