आतला कॉम्प्युटर

रेश्मा कुंभारी गावाहून अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात कामाला जायला लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिला बजावण्यात आलं की खिडकीजवळच्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. तो सिद्धराममामांचा.

कॉम्प्युटर खरं तर कारखान्याचाच होता. पण टॉवेलांवरची नक्षी काढायचं सॉफ्टवेअर फक्त त्यातल्या जुन्या विंडोज एक्सपीवर चालायचं आणि ते येणारा माणूस एकच, सिद्धराम. कॉम्प्युटरच्या मागे अंगठ्याएवढं एक लॉक खोचलेलं असे. ते काढलं की सॉफ्टवेअर उघडायचंच नाही. गेल्या एकोणीस वर्षांत टॉवेलांवर निघालेला प्रत्येक मोर आणि प्रत्येक कोयरी त्याच्या हातची. रेश्माने पहिल्या आठवड्यात त्याच्यासमोर चहा नेऊन ठेवला, तर त्याने तो कप उचलून तिच्याच टेबलावर आणून आदळला.

दोन वर्षं अशीच गेली. प्रिंटर बिघडला की रेश्मामुळे, फाइल सापडली नाही की रेश्मामुळे. तीही मग त्याच्याशी कामापुरतंही बोलेनाशी झाली.

यंदाच्या उन्हाळ्यात त्या कॉम्प्युटरची डिस्क करकरायला लागली, तेव्हा मात्र ती आपणहून गेली. डिस्कची नक्कल करून ठेवू, म्हणाली. माझ्या नव्या कॉम्प्युटरच्या आत तुमचा जुना कॉम्प्युटर जसाच्या तसा चालवता येतो, पडद्यावरच्या एका खिडकीत. तेच एक्सपी, तेच सॉफ्टवेअर.

"माज्या मशिनीला काय बी झालेलं न्हाय," सिद्धराम म्हणाला. "तुला माजी खुर्ची पायजे. ती सरळ माग की."

रेश्मा सरळ मालकांकडे, आदिनाथशेठकडे गेली. सिद्धराम लग्नाला गावी गेला, त्या दिवशी शेठच्या परवानगीने तिने सगळ्या डिस्कची नक्कल उतरवून घेतली. दुपारनंतर तिच्या पडद्यावरच्या खिडकीत एक्सपी उघडलं. फाइली नीट आल्यात का बघताना तिला 'अर्ज' नावाचं एक फोल्डर दिसलं. आत शेठच्या नावाने लिहिलेली अकरा पत्रं होती, निरनिराळ्या वर्षांची. मागणं एकच: हजेरीपटावर माझ्या नावापुढे ऑपरेटर लिहितात, तिथं डिझायनर लिहावं. प्रत्येकात 'पहिल्यांदाच विनंती करतो' असं होतं, म्हणजे एकही पत्र दिलेलं नव्हतं. पहिल्याच पत्रावर रेश्माने फोल्डर बंद करायला हवं होतं. तिने अकराच्या अकरा वाचली.

आठ दिवसांत जुना कॉम्प्युटर बंद पडला तो पडलाच. सिद्धरामने शेठला शांतपणे सांगितलं की सगळं काम गेलं, परत काढायला वर्ष लागेल आणि ते त्याच्याशिवाय कुणाला जमणार नाही. तेव्हा रेश्माने आपला पडदा त्याच्याकडे वळवला. खिडकीत त्याचाच कॉम्प्युटर उघडला होता, वॉलपेपरवर त्याच्या मुलीचा फोटो.

"माज्या घरात शिरलीस तू," एवढंच तो म्हणाला.

तिने सॉफ्टवेअरवर क्लिक केलं. लॉक सापडत नाही, अशी पाटी आली. बंद कॉम्प्युटरच्या मागे जाऊन बघितलं, तर लॉक जागेवर नव्हतं. सिद्धराम म्हणाला, मला माहीत नाही.

तीन दिवस टेबलं सरकवली, कपाटं उपसली. लॉक कुणाकडे आहे, हे साऱ्या कारखान्याला ठाऊक होतं, पण बोलायला कुणी धजेना. चौथ्या दिवशी शेठसमोर रेश्माचा तोल गेला.

"लॉक तुमच्याकडंच आहे, मामा. डिझायनर म्हणवून घ्यायचं होतं ना तुम्हाला? अकरा वेळा लिहिलंत आणि एकदाही द्यायची हिंमत झाली नाही."

कसलं लिहिलं, असं शेठने विचारलं. तिने सगळं सांगितलं. शेठ हसला. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं बहुतेक, पण हसला. सिद्धरामने शर्टच्या खिशातून लॉक काढलं, टेबलावर ठेवलं, डबा उचलला आणि गेला. परत कधी आला नाही.

रेश्माने लॉक आपल्या कॉम्प्युटरला लावलं आणि आतल्या एक्सपीला जोडून दिलं. सॉफ्टवेअर उघडलं, मोरही उघडले. पुढच्या महिन्यात शेठने हजेरीपटावर तिच्या नावापुढे डिझायनर लिहायला सांगितलं. तिने ते मागितलंही नव्हतं. नकोही म्हटलं नाही.

दिवाळीनंतर एकदा ती घरी जायला शेअर रिक्षात चढली, तर आत सिद्धराम बसलेला. तो आता दुसऱ्या कारखान्यात टॉवेल मोजून बांधायला होता. रेश्मा त्याच्या शेजारी बसली. मग म्हणाली, "मामा, ती पत्रं मी पुसून टाकते."

"पुसून काय व्हतंय?" तो म्हणाला. "तू वाचली. त्यो हसला."

रिक्षा भरून सुटायला एकच माणूस कमी होता. सिद्धराम खाली उतरला आणि मागच्या रिकाम्या रिक्षात जाऊन बसला.