सासऱ्यांनी वाचवलेलं डिझेल

गडचिरोली जिल्हा नुकता वेगळा झाला होता, त्या वर्षांत माझ्याकडे एक जुनी, जड डिझेल पिकअप होती. आम्ही आलापल्लीला राहत होतो. दुकानदारांचं मीठ, तांदूळ, कांदे भरायचे आणि जंगलातल्या आठवडी बाजारांना पोचवायचे, हे माझं काम. मालावर माणसं बसत आणि माणसांच्या मांडीवर कोंबड्या. गाव सोडलं की पुढे डिझेलचा पंप नव्हता आणि गाडीतला डिझेलचा काटा कधीच मेला होता. म्हणून मी बांबूची एक कमची टाकीत बुडवायचो आणि तिच्यावरच्या खाचा बघून अंदाज घ्यायचो.

एका वर्षी पावसाळा सरला आणि गाडी एकदम सुस्तावली. ज्या चढावर ती दुसऱ्या गियरमध्ये जायची, तिथं पहिल्यात रांगायला लागली. तेवढ्याच वाटेला डिझेलही दोन खाचा जास्त प्यायला लागली. गावातला मेस्त्री म्हणाला, इंजिन खोलावं लागते. बायको म्हणाली, "अजी, इंजिन खोलाच्या आंधी माया बाबाले बोलवा. त्यायनं जिंदगीभर मशीनच सांभाळली."

सासरे बल्लारपूरचे. कोळशाच्या खाणीत पाणी उपसायच्या पंपावर होते, नुकतेच रिटायर झाले होते. त्यांनी सांभाळलेली मशीन जिंदगीत एकदाही जागची हलली नव्हती, हे माझ्या ओठावर आलं होतं. पण मी निमूट बल्लारपूरला निरोप धाडला.

चौथ्या दिवशी ते एसटीतून उतरले. हातात पान्यांची थैली, गळ्यात खाणीतली पितळी शिट्टी.

"जयभीम, जवाईबापू. गाडी कुठी हाय?"

चहा न घेता त्यांनी गाडीभोवती तीन चकरा मारल्या, बॉनेटवर टिचक्या मारल्या आणि निकाल दिला. "इंजिनले काई नाई झालं. तुमीच त्याच्यावर फालतू बोझा टाकून राह्यले."

दुपारपर्यंत स्टेपनी, जॅक, लोखंडी पेटी आणि माझ्या सीटखालची फळी अंगणात येऊन पडली. मग त्यांनी मला समोर उभं केलं.

"हॉर्न कायवर वाजते?"

"बॅटरीवर, मामाजी."

"बॅटरी कोन भरते?"

"डायनामो."

"डायनामोले कोन फिरवते?"

"इंजिन."

"आन् इंजिन काय पेते?"

मी टाकीकडे पाहिलं. त्यांनी हॉर्नची वायर उपटून खिशात घातली.

"पण मामाजी, ढोरं आडवी आली तं?"

त्यांनी गळ्यातली शिट्टी उचलून दाखवली.

दुसऱ्या दिवशी बाजाराला निघालो. मागे मिठाची पोती, त्यावर आठ-दहा माणसं, माझ्या शेजारी सासरे. पहिल्याच वळणावर सायकलींवर बांबू लादलेले चार जण समोरून येत होते. सासऱ्यांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून अशी शिट्टी मारली, की ते चौघंही सायकली टाकून झाडीत पळाले. त्यांना वाटलं, जंगलखात्याची धाड पडली. सासरे ओरडत राहिले, "अरे भाऊ, पळता काऊन? आमी डिझेल वाचवून राह्यलो!" कोणी परत फिरलं नाही. मीच उतरून सायकली रस्त्याच्या कडेला लावल्या.

पुढे जंगलखात्याचा नाका होता. शिट्टी ऐकताच मोठे साहेब आले समजून चौकीदारानं धावत येऊन आडवा बांबू वर केला आणि गाडीकडे न पाहताच कडक सलाम ठोकला. सासऱ्यांनीही गंभीरपणे सलाम परत केला.

"पाहा," ते मला म्हणाले, "थांबा नाई लागलं. थांबून पुन्हा गाडी उचलाले किती डिझेल लागते!"

मग उतार आला. सासरे म्हणाले, न्यूट्रल करा. मी म्हटलं, भरलेली गाडी आहे, हातात राहणार नाही. ते ऐकेनात. मी मनात बायकोचा निरोप घेतला, एक पाय ब्रेकवर तयार ठेवला आणि गियर काढला.

गाडी हळू झाली. आणखी हळू झाली. आणि त्या उतारावर मधोमध उभी राहिली.

इतकी वर्षं गाडी चालवली, पण उतारावर आपणहून थांबलेली गाडी मी पहिल्यांदा बघत होतो. सासऱ्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून पाहिला. "हवा समोरून हाय," ते म्हणाले. झाडाचं एक पान हलत नव्हतं.

माणसं खाली उतरली. त्यांच्यात दोन कोंबड्या घेऊन बाजाराला निघालेली एक गोंड म्हातारी होती. ती सावलीला मागच्या चाकाशी टेकली आणि लगेच हात झटकत उठली.

"भाऊ," ती मला म्हणाली, "तुया चाकाले ताप आला."

सगळे हसले. तिनं मात्र भोपळ्याच्या तुंब्यातलं थोडं पाणी चाकाच्या मधल्या लोखंडावर टाकलं. चर्रकन वाफ निघाली. सासरे एकटेच हसले नाहीत. ते तिला हात जोडून म्हणाले, "बाई, बाकीचेबी पाहून द्या जी." तिनं उलट्या हातानं एकेक चाक तपासलं, लेकरांच्या कपाळाला लावावा तसा हात लावून. "याले नाई. यालेबी नाई. ते एकच."

आता चाक काढायचं, तर जॅक घरी. सगळ्यांनी मिळून मिठाची पोती उतरवली, एक वाळकं खोड गाडीखाली घातलं, त्याच्या टोकाला पाच जण लोंबकळले आणि आम्ही खाली दगड सारले. सासऱ्यांनी चाक उतरवलं, ड्रम ठोकून काढला. आतले ब्रेक इतके आवळलेले होते, की चाक रोज ब्रेक घासतच धावत होतं. त्यातच ताकद जात होती आणि त्यातच डिझेल.

मी ते चाक ओळखलं. पावसाळ्याच्या शेवटी एक वासरू अचानक आडवं आलं होतं आणि ओले ब्रेक नीट लागले नव्हते. वासरू वाचलं, पण मी घाबरून घरी आलो आणि त्या चाकाचे ब्रेक स्वतःच्या हातानं, जमेल त्या पान्यानं आवळले. बायकोला सांगितलं, मेस्त्रीकडून करून घेतलं.

सासऱ्यांनी पान्याचे ते वेडेवाकडे ओरखडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं. मी झाडांकडे पाहत होतो.

"जंग धरला होता," गंजाचा ठिपकाही नसताना ते सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले आणि ब्रेक ढिले करायला बसले.

पोती पुन्हा चढवून निघालो, तर गाडी ओळखू येईना. पुढचा चढ दुसऱ्या गियरमध्ये गेली, तेही कुरकुर न करता. म्हातारीला सासऱ्यांनी समोर आमच्या मधोमध बसवलं. तिच्या कोंबड्या माझ्या गियरच्या दांड्यावर चोचा मारत होत्या, तरी मी त्यांना सांभाळून गियर बदलत होतो. बाजारात पोचल्यावर ती भाड्याचे पैसे काढू लागली, तेव्हा सासरे म्हणाले, "डाक्टरकडून पैसे घेत असतेत का?"

संध्याकाळी घरी येऊन कमची बुडवली. दीड-दोन खाचा वाचल्या होत्या. बायकोनं विचारलं, काय बिघडलं होतं? सासरे तोंड धूत होते. मी म्हटलं, "जंग." ती "हो का?" म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

पुढे कितीतरी वर्षांनी, सासरे गेल्यावर, एकदा मी तिला खरं सांगून टाकलं. ती हसत सुटली. डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसत म्हणाली, "अजी, त्या दिवशी घरी येऊन तुमी हातपाय धुवाले गेले, तवाच बाबानं मले सांगलं होतं. म्हने, बोलू नोको त्यायले, जवाई हाय."