टाचेवरचा काळा डाग

लाँड्रीत आम्ही तिला कडकताई म्हणायचो. तिच्या हातची चादर इतकी ताठ निघायची की भिंतीला टेकवून उभी करावी, आणि तिचं बोलणंही तसंच. हॉटेलच्या तळघरात एकोणीस वर्षं ती इस्त्रीच्या मशीनवर होती. ती एका बाजूने ओली चादर आत सोडायची, दुसऱ्या बाजूने मी गरम चादर ओढून घडी घालायचे. दिवसाचे नऊ तास पायांवर. पाय ठणकणं, भेगा, कुरूप यांचं आमच्यात कुणाला कौतुक नव्हतं.

म्हणून डाव्या टाचेखाली आलेला काळा ठिपकाही तिने कुरूप समजूनच सोडून दिला. तिचे मिस्टर बस चालवायचे. मी त्यांना भावजी म्हणते. सुट्टीच्या दिवशी ते तिचा पाय गरम पाण्यात भिजवायचे, मांडीवर घ्यायचे आणि वरचं कातडं ब्लेडने अलगद तासायचे. वर कुरूपाची पट्टी. "नवरा पायाशी बसतो माझ्या," असं ती मिरवायची आणि आम्ही जळायचो. असं दीड वर्ष चाललं.

मसुराएवढा ठिपका शर्टाच्या बटणाएवढा झाला. एकीकडे काळाकुट्ट, दुसरीकडे तपकिरी, मध्ये निळसर, आणि कडा ओल्या कागदावर शाई फुटावी तशा. एका सकाळी फरशीवर तिच्या मोज्याचा लाल ठसा उमटला, तेव्हा मी तो डाग पहिल्यांदा पाहिला. डॉक्टरांकडे चल म्हटलं तर म्हणाली, चादरींचा ढीग पडलाय. तीन दिवस मी तिच्याशी भांडले. चौथ्या दिवशी भावजी आणि मी तिला घेऊन गेलो.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगातून बघितलं. फार वेळ बघितलं. तुकडा काढून तपासायला पाठवला. नऊ दिवसांनी आम्हाला मेलानोमा हा शब्द कळला. ताईचा विश्वासच बसेना. जन्म तळघरात गेला, अंगाला ऊन म्हणून लागलं नाही, मग कातडीचा कॅन्सर कसा होईल, असं ती पुन्हापुन्हा विचारत राहिली. बाईंनी सांगितलं की या प्रकाराला ऊन लागतंच असं नाही. आपल्यासारख्या सावळ्या माणसांना तो बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली येतो, जिथे कुणी बघत नाही. डाग वाढतो, रंग एकसारखा नसतो, कडा वेड्यावाकड्या होतात, जखम भरत नाही. यातलं एक जरी दिसलं तरी दाखवायचं.

भावजी इतका वेळ भिंतीशी उभे होते.

"मी ब्लेड लावत होतो, म्हणून झालं का?"

"नाही. त्याने होत नाही."

"आणि आधी आणलं असतं तर?"

बाईंनी आधी ताईकडे पाहिलं. "तर पुष्कळ फरक पडला असता," त्या म्हणाल्या.

टाचेचा लचका काढला, मांडीची कातडी तिथे लावली. पण जांघेतल्या गाठींत कॅन्सर आधीच पोचला होता. मग दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध. भावजींच्या हाताला कंप सुटला, डेपोने त्यांना घरी बसवलं. त्यांना आता ब्लेड हातात धरवत नव्हतं, दाढी छातीपर्यंत आली.

ताईने एकच ध्यास घेतला. कुबड्या घेऊन ती जेवणाच्या सुट्टीत लाँड्रीत आली आणि आम्हा अकरा जणींना बूट-मोजे काढायला लावले. आरसा धरून आपला तळवा कसा बघायचा, बोटांच्या बेचक्या कशा बघायच्या, पाठ आणि डोक्याची कातडी दुसऱ्याकडून कशी तपासून घ्यायची, सगळं दाखवलं. आधी गुदगुल्या झाल्या म्हणून आम्ही हसलो. तिचा चेहरा बघून एकेकीने पाय पुढे केला. कुणाच्या पायाला काही नव्हतं. ते बघून तिला बरं वाटलं असेल. पण तिथेच पिंपावर बसून ती हमसून रडली. "मलाच का गं?" एवढंच म्हणाली.

घरी ती रोज भावजींना खिडकीत पालथं झोपवायची आणि पाठीचा तीळन् तीळ तपासायची. ते निमूट पडून राहायचे. काल बघितलं, आज पुन्हा कशाला, असं त्यांनी कधी म्हटलं नाही. पुढे तिच्या यकृतात डाग दिसले, मग फुप्फुसात. औषध बंद झालं. पाच आठवड्यांत ती गेली.

परवा भावजी बसस्टॉपवर भेटले. डेपोने त्यांना परत घेतलंय, पण बसवर नाही, तिकिटांच्या खिडकीवर. मी तब्येतीचं विचारलं. त्यांनी ऐकलं नसावं.

"मी दर आठवड्याला बघत होतो गं," ते म्हणाले. "तिचं पाऊल माझ्याइतकं कुणीच बघितलं नसेल."

माझी बस आली तरी मी चढले नाही, त्यांच्या शेजारी बसून राहिले.