प्रार्थनेच्या वहीतला आईचा विषय

अमेरिकेतल्या कॅरी गावात आम्ही आठ-नऊ मराठी ख्रिस्ती कुटुंबं आहोत. महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी दुपारी कुणाच्या तरी घरी जमतो. आधी गाणी, मग शास्त्रपाठ, मग प्रार्थनेचे विषय आणि शेवटी जेवण. विषय लिहायची वही माझ्याकडे असते. मी ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंगची लीड आहे, त्यामुळे याद्या चोख ठेवते असा माझा लौकिक. कुणाचं ग्रीन कार्ड, कुणाची पाठदुखी, कुणाच्या मुलाची ॲडमिशन. लोक बोलतात तसं पाल्हाळ लिहायचं नाही, आटोपशीर लिहायचं, हा नियमही मीच केलेला.

त्या वर्षी आई माझ्याकडे होती. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि मला धाकटी झाली म्हणून ती सहा महिन्यांसाठी आली. इथे सगळ्यांचं हेच चालतं. आधी मुलीची आई, तिचे सहा महिने संपले की मुलाची. माझ्या सासूबाईंचे गुडघे ऐन वेळी धरले, त्यांचं येणं कॅन्सल झालं, आणि आम्ही आईच्या मुक्कामाच्या एक्स्टेन्शनचा अर्ज भरून टाकला. भरून झाल्यावर सहीपुरता तिच्यापुढे धरला. ती बाळाला तेल लावत होती.

"मला विचारायचं तरी," ती म्हणाली.

"अगं, विचारायचं काय त्यात? तुझंच घर आहे," मी म्हटलं. तेलकट बोटांनी तिने सही केली.

तिकडे नगरला तिची धाकटी बहीण एकटी राहते. माझी मावशी. लग्न केलं नाही, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशननंतर घरात कुणीतरी हवं, म्हणून आईची वाट बघत ती तारीख पुढे ढकलत होती. आईने तिला शब्द दिला होता. एकदा फोनवर मावशी सहज म्हणाली, गॅस पेटलाय की नाही ते हात जवळ नेऊन बघते हल्ली. आईने फोन ठेवला आणि बराच वेळ ओटा पुसत राहिली. मी मीटिंगमध्ये होते, कॅमेरा बंद करून हे सगळं बघितलं.

ऑगस्टच्या सभेत आईने पहिल्यांदा विषय दिला. "मला घरी जायचंय. बहिणीचं ऑपरेशन अडलंय." मी लिहिलं, आईच्या मनाला शांती. सप्टेंबरमध्ये ती तेच म्हणाली, मी तेच लिहिलं. ऑक्टोबरमध्येही तसंच. सगळ्यांनी अगदी मनापासून प्रार्थना केली. एक काकू तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, प्रभू, आमच्या ताईंना इथे करमू दे. आईने सगळ्यांबरोबर आमेन म्हटलं.

नोव्हेंबरची सभा आमच्याकडे होती आणि शास्त्रपाठ माझ्यावर. लूकचा अठरावा अध्याय, विधवेचा आणि बेपर्वा न्यायाधीशाचा दाखला. मी चांगल्या सहा स्लाइड्स केल्या होत्या. ती विधवा न्याय मागत न्यायाधीशाकडे खेटे घालते, तो दाद देत नाही, शेवटी वैतागून देतो. असला माणूस जर देतो, तर देव का नाही देणार? म्हणून प्रार्थना सोडू नये. नीतिमान माणसाने आपलं आचरण शुद्ध ठेवावं, देवाशी नातं नीट ठेवावं, न्यायाचं देव बघून घेईल. हे मी काही नवं सांगत नव्हते. आईच्याच संडे स्कूलमध्ये, सतरंजीवर बसून मी हे शिकले होते.

आई कोपऱ्यातल्या खुर्चीत होती, बाळ मांडीवर. "एक विचारू का गं?"

"विचार ना."

"ती बाई रोज जायची कुठे?"

"न्यायाधीशाकडे."

"उपासनेला नाही?"

"अगं आई, दाखला आहे तो. त्याचा अर्थ..."

"अर्थ राहू दे जरा. तिचं काम ज्याच्या हातात होतं त्याच्याकडे ती गेली. उद्या तिच्या शेजारणींनी तिला मध्येच धरून बसवलं असतं, ये बाई, तुझ्यासाठी प्रार्थना करतो, तर तिचं काय झालं असतं?"

कुणीतरी हसलं. आई हसली नाही.

"मीच हिला हे शिकवलं," ती बाकीच्यांना म्हणाली. "पस्तीस वर्षं पोरांना सांगत आले, आपण सगळे म्हणजे ती विधवा. न्यायाधीश कोण, ते एकाही पोराला कधी विचारलं नाही. चुकलं माझं." मग माझ्याकडे बघून, "माझा पासपोर्ट तुझ्या फायलीत आहे. माझं काम देवाकडे अडलेलं नाही."

"आजी, कॅन आय हॅव वन मोर पापड?" माझ्या मोठ्या मुलाने स्वयंपाकघरातून विचारलं.

मला भयंकर राग आला. चारचौघांत, माझ्याच घरात! मी ऑफिसातल्यासारखं "छान मुद्दा आहे, आई," म्हटलं आणि पुढची स्लाइड लावली. विषय लिहायची वेळ आली तेव्हा वही उघडून मागची पानं चाळली. तीन महिने, माझं सुवाच्य अक्षर, शांती, शांती, शांती. घर हा शब्द कुठेही नव्हता. तिने तर दुसरं काही मागितलंच नव्हतं.

लोक गेल्यावर भांडी घासताना मी तोंड सोडलं. "मला सांगायचंस ना! सगळ्यांसमोर कशाला?"

"तुलाच सांगत होते. तू लिहून घेत होतीस."

"म्हणजे मी दुष्ट का?"

"दुष्ट कुठे म्हटलं? तो न्यायाधीश तरी तिला सरळ नाही असं कुठे म्हणाला? आज नाही, उद्या बघू, एवढंच केलं असेल त्याने." तिने कुकरची रिंग काढून माझ्यापुढे ठेवली. "ही नीट धू. मागच्या वेळी वास येत होता."

बाळाच्या डे-केअरचा नंबर लागू दे, हिवाळा सरू दे, नवऱ्याचा प्रोजेक्ट संपू दे. मी सहा महिने आईला हेच म्हणत होते. मी रोज प्रार्थना करते, खोटं बोलत नाही, दारूला शिवत नाही. न्यायाधीशाच्या जागी मला कुणी बसवेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

सोमवारी लंच ब्रेकमध्ये मावशीच्या ऑपरेशनची नवी तारीख विचारून तिकीट काढलं. संध्याकाळी घरी आले तेव्हा आई बाळाचे कपडे घडी करत बसली होती. तिच्याशी तरी खरं बोलावं म्हणून म्हटलं, "आई, मला काही उपरती वगैरे झालेली नाही. सगळ्यांसमोर लाज गेली, म्हणून काढलं."

"त्यानेही वैतागूनच दिला होता न्याय," आई म्हणाली. "तिला चालला. ऑपरेशनच्या आधी पोचते ना मी?"

"दोन दिवस आधी."

मी फायलीतून पासपोर्ट काढून तिला दिला. तिने तो आपल्या पर्समध्ये टाकला, चेन ओढली, आणि पर्स मांडीवरच ठेवून पुढचं झबलं घडी करायला घेतलं.