भेगा शोधणारे साहेब

साहेब जीपमधून उतरले की आधी उकिडवे बसत आणि जमिनीत बोट खुपसत. "भेग न्हाई न्हवं? मग पक्की!" हा त्यांचा निकाल. जन्मगावची माती आयुष्यभर नखात घेऊन फिरणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. साहेब पलूसचे. तिथल्या काळ्या रानात उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात.

नव्वदच्या दशकात साताऱ्याच्या हापिसात मी त्यांच्या हाताखाली होतो. महाबळेश्वरच्या अंगाला एका वस्तीवर बाळंतपणाच्या खोलीत उजेड हवा होता. त्यासाठी सोलरच्या प्लेटा कुठं रोवायच्या, ते साहेबांनी ठरवलं. लाल माती, औषधाला भेग नाही. साहेब खूश.

थंडीत तिथं पहाटे दंव गोठे, माती फुगे, आणि ऊन पडलं की रव्यासारखी सुटी होई. आम्ही त्या वेळी आपापल्या गोधडीत. पावसाळ्यात खांबांखालची सगळी माती वाहून गेली, प्लेटा कलंडल्या, दिवे गेले. त्याच आठवड्यात एक पोर कंदिलाच्या उजेडात जन्मलं. सुखरूप, पण आईचे फार हाल झाले.

आम्ही पाहणीला गेलो, तर त्याच पोराचं बारसं. पोराच्या आजीनं साहेबांना पाटावर बसवून फेटा बांधवला. "वरीसभर उजेड दिला तुमी, सायेब." साहेबांची मान जी खाली गेली, ती जेवतानाही वर आली नाही. घाट उतरताना म्हणाले, "जोडं मारायचं सोडून फेटा बांधला रं, गड्या."

प्लेटा कातळावर हलवल्या. तरी दर हिवाळ्यात साहेब भल्या पहाटे वर जाऊन माती चाचपत, आणि मलाही कुडकुडत नेत. एकदा न राहवून त्यांनी आजीपुढं हात जोडले. "आवं आजी, जागा मी चुकीची धरली. तुमच्या सुनंचं हाल माझ्यामुळं झालं."

आजी चुलीत लाकूड सारत म्हणाली, "ठावं हाय की. तवाच ठावं हुतं. शरमंनं तुमी परत आलाच नसता, म्हनून बांधला फेटा."

साहेब तिथंच रडले.

निवृत्त झाल्यावरही ते पलूसहून एसटीनं येत. मग एका वर्षी दिवाळीनंतर ते वारले.

त्या थंडीत मी एकटाच वर गेलो. खोलीत दिवा लागलेला होता. आजीनं चहाचे दोन कप आणून ठेवले आणि माझ्यामागं रस्त्याकडं बघत विचारलं, "सायेब मागनं येत्यात व्हय?"

मी उकिडवा बसून जमिनीत बोट खुपसत राहिलो. मान वर करवेना.